ट्रॅक्टवरची पाहिलेल्या सिनेमांची नोंद लेटरबॉक्सडवर न्यायचीय, तारखांसकट. सल्ला हवाय

रातपाखरू:
मंडळी, बरीच वर्षं मी जे काय बघतो ते ट्रॅक्टवर (पाहिलेलं नोंदवून ठेवायची साइट) टाकत आलोय, सिनेमे पण आणि सिरीज पण, आयएमडीबीवर रेटिंगं दिलीत ती वेगळीच आणि नेटफ्लिक्सची हिस्ट्री तिसरीकडे. आता सिनेमावाली मित्रमंडळी सगळी लेटरबॉक्सडवर, म्हणजे सिनेमांची नोंद ठेवायच्या साइटवर, असतात म्हणून मलाही तिकडे जायचंय, पण कुठल्या दिवशी काय पाहिलं ते हरवायला नको, बाबांबरोबर थिएटरात पाहिलेले सिनेमे आहेत त्यात. ट्रॅक्टचा बॅकअप काढून ठेवलाय. कोडिंग येत नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं. कोणी केलंय का हे?

चिंचोके:
सिनेमे जातील, सिरीज नाही जाणार. लेटरबॉक्सड मुळात सिनेमांचंच, थोड्या मिनीसिरीज दिसतात तेवढंच. त्यामुळे ट्रॅक्टचं खातं बंद करू नका, किंवा सिरीजसाठी सिम्कल बघा, तिथे सिनेमे, सिरीज, ॲनिमे सगळं एकत्र चालतं.

खटपट्या:
केलंय, आणि तारखा शाबूत राहतात, फक्त फाईल नीट बनवा. लेटरबॉक्सडच्या सेटिंग्जमध्ये इम्पोर्ट आहे, ते सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल, घेतं. नावावर अजिबात विसंबू नका, प्रत्येक सिनेमासमोर टीएमडीबी किंवा आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटवरचा त्याचा आयडी (ओळखक्रमांक) टाका, ट्रॅक्टच्या बॅकअपमध्ये दोन्ही असतात. आपल्या मराठी सिनेमांचं तर हमखास घोळतं. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या, व्हेनिसला दाखवला २०१४ मध्ये, आपल्याकडे थिएटरात आला २०१५ ला, म्हणजे तुम्ही आठवणीने २०१५ लिहिणार आणि कोर्ट नावाचे सिनेमे काय एक आहेत का! आयडी असला की प्रश्नच मिटतो.

दुसरं म्हणजे वेळ. बॅकअपमध्ये तारखेला चिकटून वेळ असते आणि शेवटी झेड हे अक्षर, म्हणजे ती यूटीसीची, जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्रीचा शो संपवून दीड वाजता नोंद केली असेल तर फाईलमध्ये आदल्या दिवशीची रात्रीची आठ दिसणार. लेटरबॉक्सडला फक्त तारीख लागते, म्हणून आधी साडेपाच तास मिळवा आणि मगच वेळेचा भाग उडवा, नाहीतर लेट नाईट पाहिलेलं सगळं एक दिवस मागे जाईल. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा आणि कॉलमचं नाव WatchedDate, असंच जोडून, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत. हा कॉलम रिकामा राहिला तर सिनेमा पाहिलेल्यांत जाईल पण डायरीत, म्हणजे तारीखवार नोंदीत, येणार नाही.

रातपाखरू:
खटपट्या, हे साडेपाच तासांचं माझ्या कधी लक्षातच आलं नसतं, खूप आभार! रेटिंगचं काय करू, माझी सगळी दहापैकी आहेत. आणि नेटफ्लिक्सची हिस्ट्री पण घालू का त्यातच?

खटपट्या:
दहापैकीच ठेवा, त्यासाठी Rating10 नावाचा वेगळा कॉलम चालतो, सातचे आपोआप साडेतीन स्टार होतात. मात्र आयएमडीबीच्या फाईलमधली तारीख ही रेटिंग दिल्याची असते, पाहिल्याची नव्हे, ती डायरीत घालू नका.

चिंचोके:
नेटफ्लिक्सचं माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. त्या सीएसव्हीत फक्त नाव आणि तारीख, आयडी नाही, वर्ष नाही, सिरीजचे एपिसोड सिनेमांतच मिसळलेले, आणि एका प्रोफाईलवर घरातले चौघं बघत असतील तर कोणी काय पाहिलं ते कळायला मार्ग नाही. तारखेत दिवस आधी की महिना आधी तेही तपासावं लागतं. त्यातले तुम्हाला खरंच आठवतायत तेवढे हाताने टाका.

कोकणमेवा:
एक्सेलबद्दल एक सांगते, सीएसव्हीवर डबलक्लिक करून उघडू नका. देवनागरी नावांची वाट लागते आणि तारखांचं रूप एक्सेल परस्पर बदलतं, तशीच सेव्ह केलीत की संपलं. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा, तिथे मराठी नीट दिसतं, तारखेचा कॉलम साधा मजकूर म्हणून ठेवा. मूळ बॅकअपला हात न लावता कॉपीवर काम करा. आणि आधी पाचसहा सिनेमांची छोटी फाईल चढवून बघा, त्यात एखादा मध्यरात्रीनंतरचा आणि एखादा दोनदा पाहिलेला हवाच. पुन्हा पाहिलेल्यासाठी रीवॉचचा कॉलम आहे, तिथे ट्रू लिहायचं. सेव्ह करण्याआधी लेटरबॉक्सड जुळलेली यादी दाखवतं, चुकीचा सिनेमा जुळला असेल तर तिथेच बदलता येतो, घाईने पुढे जाऊ नका.

रातपाखरू:
ताई, आज रात्री छोटी फाईल चढवतो आणि काय झालं ते इथेच लिहितो.