आनंदपूर साहिब: विरासत-ए-खालसाला किती वेळ ठेवावा?

गोदाकाठ: नांदेडहून आईबाबांना (दोघंही सत्तरीपुढे) पंजाबात आनंदपूर साहिबला घेऊन जायचंय. हातात एकच दिवस, बहुधा सोमवार. केशगढ साहिब गुरुद्वारा आणि विरासत-ए-खालसा संग्रहालय दोन्ही होईल का? गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रं विरासतमध्येच आहेत ना?

सतलजपार: आधी सोमवार बदला, संग्रहालय बंद असतं. 24 ते 31 जानेवारी आणि 24 ते 31 जुलै देखभालीसाठी बंद. होला मोहल्ल्याच्या (होळीच्या सुमाराचा शिखांचा सण) गर्दीत वयस्करांना नेऊ नका.

शस्त्रं तिथे नाहीत! हा घोळ बरेच जण करतात. विरासतमध्ये जुन्या वस्तू जवळपास नाहीतच. चित्रं, देखावे, प्रकाश आणि आवाज यांतून इतिहास सांगितलाय. शस्त्रं तख्त केशगढ साहिबमध्ये आहेत. 1699 च्या वैशाखीला खालसा स्थापताना ज्या खंड्याने (दुधारी तलवारीने) दीक्षेचं अमृत तयार केलं असं मानतात, तोही तिथेच. तिथे डोकं झाकायला रुमाल लागतो, चपला जोडाघरात.

खंडा_बिदर: आत 27 दालनं आहेत, तीन तास धरा. प्रवेश मोफत, पण काउंटरवरून पास घ्यायचा. हेडफोन नाकारू नका. दालनात शिरलं की निवेदन आपोआप सुरू होतं. गडबडीत पुढे सरकलात तर अर्धं वाक्य या खोलीचं, अर्धं पुढच्या खोलीचं. मग लोक म्हणतात, ‘काही कळलं नाही’.

सगळ्यात जास्त वेळ ‘पंज पानी’ या दालनाला द्या. नावेच्या आकाराच्या इमारतीत भिंतभर रंगवलेला पंजाब आहे, चित्रकार ओरिजित सेन यांच्या चमूचं काम. शेतं, बाजार, लग्नं. आणि प्रकाश पहाटेपासून रात्रीपर्यंत सरकत जातो. एक पूर्ण फेरा होईपर्यंत थांबा, दिवे बदलले की आधी न दिसलेली माणसं दिसू लागतात. फोटोला बंदी आहे, त्यामुळे मोबाइल खिशातच.

2011 साली उघडलेली पहिली 14 दालनं गुरू नानकांपासून 1708 पर्यंत, म्हणजे नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचं निधन झालं तिथपर्यंत येतात. 2016 ची 13 त्यांच्यानंतरचे शीख सेनानी बंदासिंग बहादूर यांच्यापासून पुढची. थकवा आला तर दुसरा भाग भराभर उरका, पहिला नको. आदिग्रंथाच्या (गुरू ग्रंथ साहिब, शिखांचा धर्मग्रंथ) दालनात आईबाबांना सांगा, त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत.

सतलजपार: चालण्याचंही बघा. दालनं पलीकडच्या बाजूला आहेत, मधला पूल 165 मीटरचा आणि उघडा. उन्हाळ्यात दुपारी तोच जास्त दमवतो. म्हणून सकाळी उघडताच विरासत, जेवायला केशगढचा लंगर, मग दर्शन. चाकाच्या खुर्चीची चौकशी पूल ओलांडण्याआधीच करा.

गोदाकाठ: मंगळवार केला. निवेदन मराठीत मिळतं का?

खंडा_बिदर: नाही. पंजाबी, हिंदी, इंग्रजी. हेडफोन हातात घेतानाच ‘हिंदी’ सांगा.