विषय: भाचीने ‘कॅनडाचा अनुभव’ आणायचा कुठून?

नमस्कार मंडळी,

माझी भाची टेक्स्टाईल इंजिनीयर. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघायची. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, मिळवून ब्रॅम्प्टनला गेली, आणि जिथे जाईल तिथे एकच उत्तर, ‘इथला अनुभव नाही’. शिक्षण आणि कामाचे गुण मोजूनच सरकारने बोलावलं ना? मग मालकाला ते का दिसत नाहीत? आमच्या पूर्व भागात तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचं कापड बघून त्यांना काम मिळालं. तुमच्यापैकी जे माणसं निवडतात त्यांनी कृपया मोकळेपणी लिहावं.

– सोलापूरहून, एक मामा

---

मामा, नमस्कार.

मी साखर पेठेतली, आता इकडे कॅनडात, मिसिसागात एका कारखान्यासाठी मुलाखती घेते. आतलं सांगते.

तिच्या हुशारीबद्दल मालकाला फारशी शंका नसते. माणूस चुकीचा निघाला तर पुन्हा शोधाशोध, ही त्याची धास्ती. पदवी इथल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची, ते वेसच्या (परदेशी पदव्या तपासून देणारी संस्था) कागदावरून कळतं. तिने कारखान्यात काय केलं ते कळत नाही. सोलापूरच्या कंपनीचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. छोट्या कारखान्यात तर एचआर म्हणजे मालकच, त्याला चौकशीला वेळ नसतो.

दुसरी तक्रार ‘कम्युनिकेशन’ची. यातलं थोडं खरं आहे. साहेबाला तोंडावर ‘हा लॉट पाठवू नका’ म्हणणारा माणूस आम्हाला हवा असतो. पण बाकी पुष्कळसा निव्वळ पूर्वग्रह. टोरोंटो विद्यापीठाच्या फिलिप ओरिओपोलस यांनी नोकरीच्या जाहिरातींना हजारो बनावट बायोडेटा पाठवले होते. अभ्यास 2011 मध्ये छापून आला. भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. निवडणारे म्हणाले, भाषेची काळजी वाटते. पण बायोडेटात भाषा उत्तम येते असं लिहूनही फरक पडला नव्हता! आमच्याच टेबलावर हे घडतं याचा मला संताप येतो, आणि मी तिथे बोलतेही.

कायदा मात्र हलला आहे. इंजिनीयरच्या लायसन्ससाठी कॅनडातल्या अनुभवाची अट आमच्या ओंटारिओ प्रांतात 2023 मध्ये गेली. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर जाहिरातीत ती अट घालता येत नाही. मनातली अट कायद्याने जात नाही, म्हणून नुसत्या ऑनलाइन अर्जांवर तिने विसंबू नये. टोरोंटोत ट्रायेक ही संस्था नव्याने आलेल्यांना त्याच क्षेत्रातला मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, जोडून देते. तिथे नाव नोंदवावं. तुमच्या विणकरांचं कापड तरी कुणीतरी हातात घेऊन बघितलं. हिचं काम जाणणारा एक माणूस इथे उभा करायला हवा.

बायोडेटा मला पाठवायला सांगा.

---

ताई, पाठवला. तिचे जुने मॅनेजर फोनवर बोलायला तयार आहेत, पण इंग्रजीत अडखळतात. चालेल?

---

मामा, चालेल. आधी त्यांच्याकडून तिच्या कामाबद्दल ईमेलवर लेखी मागून घ्या, म्हणजे फोनवर दोन-चार वाक्यांत भागेल. बायोडेटा वाचला. ‘क्वालिटी विभागात काम’ एवढंच लिहिलंय तिने! परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट कुणी पार पाडलं, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटर वजन) आणि रंगाच्या शेडमधला फरक कुणी पकडला, किती माल परत येण्यापासून वाचला, हे सगळं आकड्यांनिशी हवं. इथले गिऱ्हाईकही हेच तपासतात. शनिवारी तिला माझ्याकडे पाठवा, आम्ही दोघी बसून लिहू.