क्षार, अल्क, आम्लारी: नेमकं कशाला काय म्हणायचं?

प्रश्न (निपाणी): भाचा कन्नड माध्यमात आहे, लेक मराठी माध्यमात. दोघांना एकत्र बसवून शिकवायलोय. तो चुन्याच्या निवळीला क्षार म्हणतो, ही म्हणते क्षार म्हणजे मिठासारखा पदार्थ. कोणाचं खरं?

उत्तर (बेळगाव): दादा, दोघांचंही. कन्नडात बेसला, म्हणजे आम्लाला उदासीन करणाऱ्या पदार्थाला, 'प्रत्याम्ल', पाण्यात विरघळणाऱ्या बेसला 'क्षार' आणि सॉल्टला 'लवण' म्हणतात. महाराष्ट्राच्या पुस्तकांत त्याच तिघांना आम्लारी, अल्क आणि क्षार. शब्द तोच, पण एक घर पुढे सरकलेला. जुना अर्थ कन्नडानेच जपलाय. आयुर्वेदातला क्षार वनस्पतींच्या राखेतून काढत, आपला पापडखारातला 'खार' त्यातूनच आला. 'अल्क'ही मुळात अरबी 'अल्-कली', म्हणजे झाडाची राखच.

पण मुलांना नुसती नावं पाठ करायला लावू नका. क्षार हे नाव पदार्थ कसा घडला ते सांगतं: आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून. पाण्यात तो कसा वागेल, हे त्या नावावरून कळत नाही. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका, काही होणार नाही. धुण्याच्या सोड्याचा टाका, डाग तांबडा होईल. मराठी पुस्तकाप्रमाणे दोन्ही क्षारच! सोड्यातला कार्बोनेट पाण्याकडून प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन, H⁺) घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड (OH⁻) राहतो, म्हणून सोडा आम्लारीधर्मी. प्रोटॉन देणारं ते आम्ल, घेणारी ती आम्लारी, ही व्याख्या ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी 1923 साली वेगवेगळी मांडली. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नसतानाही तो आम्लारी का, तेही तिच्यामुळेच उलगडतं.

माझं मत विचाराल तर मराठीत लिहिताना बेससाठी 'क्षार' वापरूच नये. आम्लारी शब्द ऐकायला परका वाटतो खरा, पण त्यात गफलत होत नाही.

आणखी एक (अथणी): या गफलतीचा फटका शेतात बसतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमीन बिघडली की सगळे सरसकट 'क्षार वाढले' म्हणतात. पण खारवट जमीन वेगळी, चोपण वेगळी. खारवटीत विद्राव्य क्षार जास्त असतात, सामू (पीएच) साधारण 8.5 च्या आत. तिथे चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. चोपणात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो. तिथे आधी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), मग निचरा. जिप्सम स्वतः क्षारच आहे, पण त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. चुना मात्र आम्लारी. तो खानापूरकडच्या तांबड्या, भरपूर पावसाच्या आम्लधर्मी मातीला ठीक, चोपणाला टाकू नये. माती तपासून आणली की सामू आणि विद्युत वाहकता (विद्राव्य क्षार किती ते यावरून कळतं), हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.