'ऑप्शन्स' म्हणजे पर्याय का?

प्रश्न : जेक्वेरी (जावास्क्रिप्टचा तयार कोड-संच) प्लगइनवर, म्हणजे त्याला जोडायच्या जादा कोडवर, मराठीत लेख लिहिते आहे. 'ऑप्शन्स'ला पर्याय आणि 'आर्ग्युमेंट'ला प्राचल लिहिलं तर चालेल का?

उत्तर : प्राचल म्हणजे पॅरामीटर. फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) लिहिताना कंसात मांडलेली नावं ती प्राचलं, आणि कॉल करताना, म्हणजे ते वापरताना, प्रत्यक्ष देतो ती आर्ग्युमेंट्स. जावास्क्रिप्टही हा भेद पाळते. फंक्शनची 'लेंग्थ' साधारणपणे मांडलेली प्राचलं मोजते, 'आर्ग्युमेंट्स'ची लेंग्थ आलेली मूल्यं मोजते. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत अशी सक्ती नाही, म्हणून तर प्लगइन इतके लवचिक लिहिता येतात. आर्ग्युमेंटला मी 'दिलेलं मूल्य' म्हणेन. 'युक्तिवाद' कृपया नको.

दुसरं मत : माझा आक्षेप 'पर्याय'वर आहे. पर्याय म्हटलं की अनेकांतून एक निवडायचं. जेक्वेरी यूआय या प्लगइन-संचातल्या डायलॉगला (पानावर उघडणाऱ्या चौकटीला) रुंदी, शीर्षक, मोडल (चौकट उघडी असताना मागचं पान अडवायचं का) हे सगळं एकाच वेळी देता येतं. रुंदी दिली नाही तर 300 पिक्सेल धरली जाते. द्यायचं की नाही ही आपली मर्जी, म्हणून 'ऐच्छिक सेटिंग्ज' लिहा.

प्रश्नकर्ती : पटलं. पण त्याच डायलॉगला कधी नुसतं 'क्लोज' देतात, त्याचं काय?

उत्तर : तिथे पहिल्या जागेला दोन अर्थ आहेत. ऑब्जेक्ट (नाव-मूल्यांच्या जोड्यांचा संच) आला तर सेटिंग्ज, स्ट्रिंग (नुसता मजकूर) आली तर मेथडचं, म्हणजे डायलॉगकडून करून घ्यायच्या कामाचं, नाव. मग पुढची मूल्यं त्या मेथडकडे जातात. 'ऑप्शन', 'विड्थ', 500 असं दिलं की चालू डायलॉगची रुंदी बदलते. इथे 'ऑप्शन' हेच मेथडचं नाव आहे, तेव्हा त्याचं भाषांतर करू नका. पुढची मूल्यं वेगळी काढायला पूर्वी ॲरेची (क्रमवार यादीची) 'स्लाइस' ही तुकडा काढणारी मेथड उसनी घ्यावी लागे, कारण 'आर्ग्युमेंट्स' हा खरा ॲरे नाही. जावास्क्रिप्टच्या 2015 च्या आवृत्तीत रेस्ट पॅरामीटर (उरलेली सगळी मूल्यं एका ॲरेत गोळा करणारं प्राचल) आला. त्याला 'उरलेली मूल्यं' हे साधं नाव छान बसतं.

दुसरं मत : 'डीफॉल्ट'ला काही जण 'मूलभूत' लिहितात, ते चूक आहे. 'गृहीत मूल्य' लिहा. मात्र गृहीत कधी धरायचं तेही लेखात सांगा. प्राचलाला मूल्य दिलंच नाही किंवा 'अनडिफाइन्ड' (मूल्य ठरलेलंच नाही) दिलं, तरच गृहीत मूल्य लागू होतं. 'नल' (मुद्दाम ठेवलेलं रिकामं मूल्य) दिलं तर नलच राहतं. पहिल्या ऑब्जेक्टमध्ये पुढच्या ऑब्जेक्टांची मूल्यं उतरवणारं जेक्वेरीचं 'एक्स्टेंड' हे फंक्शनही असंच वागतं : अनडिफाइन्ड वगळतं, नल मात्र उतरवून घेतं. फक्त त्याला पहिला ऑब्जेक्ट रिकामा द्यायला विसरू नका, नाहीतर गृहीत मूल्यंच बदलतात आणि पुढच्या प्रत्येक डायलॉगला तीच लागतात.