वरची शाखा स्थिर ठरूनही सिम्युलेशनमध्ये का मोडते?

प्रश्न (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, कोल्हापूर)
प्रकल्पासाठी मी शिवाजी विद्यापीठात लुजियातो-लेफेव्हर समीकरण (१९८७; लेसरने पंप केलेल्या नॉनलिनियर ऑप्टिकल कॅव्हिटीतील, म्हणजे प्रकाश कोंडणाऱ्या पोकळीतील, प्रकाशाचे समीकरण) सोडवत आहे. डिट्यूनिंग (पंपाची आणि कॅव्हिटीच्या अनुनादाची वारंवारता यांतील फरक) ३ आणि पंपाची तीव्रता ४ घेतल्यास (सर्व राशी एककरहित) कॅव्हिटीतील तीव्रतेची ०.५८६, २ आणि ३.४१४ अशी तीन उत्तरे मिळतात. मधले अस्थिर आहे. वरचे उत्तर (वरची शाखा) कागदावर स्थिर ठरते; परंतु डिस्पर्शनचे (वेगवेगळ्या वारंवारतांच्या प्रकाशाचा वेग वेगळा असण्याचे) पद जोडून प्रोग्रॅम चालवला, की सपाट रेषा थोड्याच वेळात मोडते आणि तिच्या जागी टोकदार शिखरांची रांग उभी राहते. गडबड प्रोग्रॅममध्ये आहे की गणितात?

उत्तर १
दोन्हीकडे नाही. कागदावर आपण फक्त तरंगसंख्या शून्य असलेला, म्हणजे सगळीकडे सारखाच असलेला विक्षोभ (छोटासा बदल) तपासला आहे. अ‍ॅनोमलस डिस्पर्शनमध्ये (डिस्पर्शनच्या दोन चिन्हांपैकी तुम्ही घेतलेले; उलट चिन्हाचे ते नॉर्मल) डिट्यूनिंग अधिक तरंगसंख्येचा वर्ग वजा कॅव्हिटीतील तीव्रतेची दुप्पट, या राशीचा वर्ग त्याच तीव्रतेच्या वर्गातून वजा करावा. या वजाबाकीच्या वर्गमूळातून १ वजा केला, की विक्षोभाच्या वाढीचा दर मिळतो. वरच्या उत्तरासाठी (३.४१४) शून्य तरंगसंख्येला बाकी ऋण येते, म्हणून विक्षोभ हेलकावत विरतो. तरंगसंख्येचा वर्ग ३.८३ असेल, तर मात्र दर २.४१ होतो. सपाट प्रकाश असा लहरींमध्ये मोडणे हीच मॉड्युलेशनल इन्स्टॅबिलिटी.

उत्तर २
उत्तर १ मधील सरांच्या सूत्राची पडताळणी सोपी आहे. तरंगसंख्येचा वर्ग साधारण ०.५६ ते ७.०९ असतानाच विक्षोभ वाढतो. आवर्ती सीमा (एक टोक दुसऱ्याला जोडलेले) ठेवून सिम्युलेशनच्या खिडकीची लांबी २ घ्या. तिच्यात मावणाऱ्या सर्वांत लांब लहरीच्या तरंगसंख्येचाच वर्ग ९.८७ असल्यामुळे रेषा सपाट राहील. लांबी २० केल्यास सुरुवातीला सुमारे ६ शिखरे दिसावीत. मात्र आरंभी किंचित नॉइज मिसळा, अन्यथा राउंड-ऑफच्या चुकीतून विक्षोभ वाढेपर्यंत ताटकळत बसावे लागेल.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग या पंपाला सपाट अशी स्थिर अवस्था खालचीच उरते का?

उत्तर १
होय. तीव्रता १ च्या आत असेल, तर वाढीचा दर धन होऊच शकत नाही आणि खालची शाखा ०.५८६ वर आहे. म्हणून येथे ‘दोन सपाट अवस्थांपैकी एक’ हे पाठ्यपुस्तकी चित्र मला अपुरे वाटते. अशा शाखेच्या पार्श्वभूमीवर कॅव्हिटी सॉलिटॉन (आकार टिकवून राहणारी एकेकटी शिखरे) उभे राहू शकतात, त्याच पंपावर कधी एक, कधी अनेक. किती, ते आरंभीच्या स्थितीवर ठरते. डिस्पर्शनचे चिन्ह उलटून पाहा: नॉर्मल डिस्पर्शनमध्ये आपली वरची शाखा टिकते आणि इन्स्टॅबिलिटी खालच्या शाखेच्या वळणापाशी, तीव्रता १ ते १.१८ या अरुंद पट्ट्यात सरकते.