काळ्या कातळाच्या पोटात
सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाला नाशिककर म्हणून मनापासून उत्तर द्यावेसे वाटते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढले. पांडवलेणी परिसरातल्या खाणींतले हिरवे अपोफिलाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असा एखादा दगड जवळून पाहावा: बाहेरून खडबडीत, काळपट आणि आत काचेसारख्या लखलखत्या टोकांची दाटी. शिवाय पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना गंगापूरजवळ गोदावरीकाठच्या गोट्यांच्या घट्ट थरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या, हे तर इथल्या प्रत्येक शाळेत शिकवले जायला हवे.