११क्यू१३ मधलं जीन: खरं टार्गेट की क्रिस्परचा भास?

मिरजकर: आपल्या सांगली-मिरज पट्ट्यात तंबाखूमुळे गालाच्या आतला कॅन्सर नेहमी दिसतो, म्हणून त्याच्याच पेशींवर काम चालू आहे. ११क्यू१३ मध्ये, म्हणजे ११ व्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात, पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या सायक्लिन डी१ च्या शेजारी एक जीन आहे. ५० नॅनोमोलर एसआयआरएनए (त्या जीनचा एमआरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) दिला की वाढ निम्म्यावर येते. क्रिस्परने जीन कापून बघितलं, तर त्याच्या दोन्ही गाइडनीही (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या आरएनएनीही) तेच. आता त्याचं प्रथिन रोखणारं औषध, म्हणजे इनहिबिटर, शोधायला घ्यावा का?

कृष्णाकाठ (कराड): इतक्यात नको. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ११क्यू१३ च्या प्रती बऱ्याचदा वाढलेल्या असतात. तुमच्या पेशींत तसं असेल तर क्रिस्परचं कापणारं एन्झाइम कॅस९ एकाच वेळी कितीतरी जागी डीएनए तोडतं. एवढ्या तुटफुटीने पेशी जी२ मध्येच, म्हणजे विभाजनाच्या आधीच्या टप्प्यात, अडकते, मग जीन गरजेचं असो वा नसो. कंट्रोल गाइड कोणता होता?

मिरजकर: कुठेच न कापणारा.

कृष्णाकाठ (कराड): मग तुलनाच चुकली. त्याच वाढलेल्या पट्ट्यातलं, पण या पेशीत बंद असलेलं एखादं जीन निवडा आणि त्यावर दोन गाइड लावा. त्यांनीही पेशी तेवढ्याच मेल्या तर तुमचा निकाल बाद धरा. क्रिस्परआय (न कापता जीन बंद करणं) जमत असेल तर उत्तमच, त्यातलं डीकॅस९ कापत नाही.

वाईकर: एसआयआरएनएचा डोसही फार आहे, ५ ते १० नॅनोमोलरवर या. त्याच्या सीड भागातली, म्हणजे २ ते ८ क्रमांकाची अक्षरं मायक्रोआरएनएसारखी भलत्याच एमआरएनएला चिकटतात, आणि डोस वाढला की हे वाढतं. तीन सिक्वेन्स वेगवेगळे द्या, एकत्र मिसळू नका. ७२ तासांनी वेस्टर्न (प्रथिनाची चाचणी) करा. नुसत्या आरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरवर थांबू नका, टिकाऊ प्रथिन आरएनए गेल्यावरही उरतं. ज्या सिक्वेन्सने प्रथिन जास्त उतरलं, त्यानेच वाढ जास्त थांबली पाहिजे.

माझा खरा भरवसा रेस्क्यूवर, म्हणजे जीन परत देऊन पेशी वाचतात का ते बघण्यावर. जीनच्या सीडीएनएत, म्हणजे एमआरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीत, पीएएममधला (कॅस९ ला कापायला लागणाऱ्या खुणेतला) एक जी असा बदला की अमिनो आम्ल तेच राहील, आणि तो सीडीएनए आधी पेशीत घालून मग गाइड द्या. मूळ जीन तरीही कापलं जातंच. त्यामुळे पेशी नुसत्या कापण्याने मरत असतील तर त्या वाचणार नाहीत. प्रमोटर (जीन किती चालेल ते ठरवणारा भाग) मात्र सौम्य घ्या, प्रथिन मूळ पातळीच्या आसपासच हवं.

कृष्णाकाठ (कराड): इनहिबिटर हाती आला की पहिल्यांदा जीन काढून टाकलेल्या पेशींवरच टाकून बघा. कॅन्सरचं टार्गेट मानलेल्या मेल्क या जीनच्या बाबतीत २०१७ मध्ये हेच उघड झालं: क्रिस्परने मेल्क काढलं तरी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढत राहिल्या, आणि मेल्कचा इनहिबिटर म्हणवणाऱ्या ओटीएसएसपी१६७ ने मेल्क नसलेल्या त्या पेशीही तशाच मेल्या. तोवर ते औषध रुग्णांवरच्या चाचण्यांत पोचलं होतं.